सोळा सिनेमांचा स्वेटर : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

काम : पूर्ण बाह्यांचा, गोल योकचा (योक म्हणजे काखेपासून गळ्यापर्यंतचा भाग) स्वेटर, माझ्याच मापाचा. लोकर मध्यम जाडीची, गर्द निळी, १०० ग्रॅमला साधारण २०० मीटर. सहा गुंडे घेतलेत, सगळे एकाच लॉटचे. गोल सुई ४ मिमीची, बॉर्डरसाठी साडेतीनची.

याच वहीत दुसरंही एक काम चालवायचं आहे. मी विणते ती संध्याकाळी, सिनेमा किंवा मालिका बघता बघता. पडद्यावर कुणी बाई विणताना दिसली की तिची नोंद करायची : कोण आहे, कधी विणते, कॅमेरा काय दाखवतो. गेल्या महिन्यात एका सिनेमात नायकाची आई सारखी मांडीवर लोकर घेऊन बसलेली होती आणि मला ते बघताना काहीतरी खटकत राहिलं. काय खटकलं ते सांगता येईना. मनात नुसतं घोळवून उपयोग नाही, लिहायला लागलं की सापडेल.

आज फक्त नमुन्याची पट्टी. ३० टाके, १५ सेंमी उंच. सुईवरून काढून मोजली तर १० सेंमीत २१ टाके. धुवून सपाट वाळत ठेवली आहे.

४ नोव्हेंबर

पट्टी वाळली. आता १० सेंमीत २० टाके, २८ ओळी. म्हणजे धुतल्यावर लोकर सैलावली. एका टाक्याचा फरक वाटायला किरकोळ, पण २०० टाक्यांच्या घेरात तोच ९५ सेंमी की १०० सेंमी एवढा होतो. ९५ चा स्वेटर मला छातीत अडकला असता. पट्टी धुतली नसती तर हे दोन महिन्यांनी कळलं असतं.

आज सगळा हिशेब मांडला. पद्धत एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांची. या बाई जन्माने इंग्रज, पुढे अमेरिकेत राहिल्या. छातीचा घेर म्हणजे शंभर टक्के धरायचा आणि बाकी सगळी मापं त्याच्या टक्क्यांत काढायची, हे त्यांनी विणणाऱ्यांना शिकवलं. एकदा हे समजलं की छापील नमुन्याची गरज उरत नाही, कुठल्याही लोकरीचा, कुठल्याही अंगाचा स्वेटर आपला आपण मांडता येतो.

माझे आकडे असे. घेर २०० टाके. मनगट २० टक्के, ४० टाके. दंड ३३ टक्के, ६६ टाके. काखेत ८ टक्के, १६ टाके, हे दोन्ही बाजूंना राखून ठेवायचे. योक सुरू होताना अंगाचे १६८ आणि दोन बाह्यांचे पन्नास-पन्नास मिळून २६८. पहिल्या घटीत पाव भाग कमी : २०१. दुसऱ्या घटीत एक तृतीयांश कमी : १३४. तिसऱ्या घटीत पाचाचे तीन : ८०. आणि गळा घेराच्या ४० टक्के हवा, म्हणजे बरोबर ८०! कागदावर हे जुळलं तेव्हा मी आनंदाने उठून उभी राहिले.

मग सहज एकूण टाके मोजले. अंग २१ हजार, दोन्ही बाह्या १३ हजार, योक पंधरा हजारांच्या आसपास, गळ्याची पट्टी साताठशे. पन्नास हजारांना थोडे कमी. माझा वेग मिनिटाला २५ टाके, म्हणजे सुमारे ३३ तास. दोन तासांचा सिनेमा धरला तर सोळा सिनेमे.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही कुठे गं एवढा हिशेब केला? बसल्या बसल्या व्हायचं."

तिने आयुष्यात किती स्वेटर विणले असतील ते तिलाही माहीत नाही. फोन ठेवल्यावर ते "बसल्या बसल्या" डोक्यातून जाईना. मराठीत बाईच्या केवढ्या तरी कामाला हा शब्द लागतो. निवडणं, टिपणं, विणणं, सगळं बसल्या बसल्या. पुरुष लिहायला बसतो, हिशेबाला बसतो, तेव्हा तो कामाला बसलेला असतो. बाई नुसती बसलेली असते आणि बसल्या बसल्या काहीतरी होत असतं.

७ नोव्हेंबर

२०० टाके घातले, गोल जोडले, चार फेऱ्या विणल्या, मग लक्षात आलं की जोडताना एक पीळ पडला आहे. हा पीळ नंतर सोडवता येत नाही. सगळं उसवलं.

८ नोव्हेंबर

पुन्हा २०० टाके. या वेळी सुई टेबलावर पसरून, टाक्यांची कड सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना ते बोट फिरवून पाहिलं आणि मगच जोडलं. दर ५० टाक्यांवर खुणेची कडी. बॉर्डर दोन सुलट दोन उलट, १२ फेऱ्या झाल्या.

बघितलं : एक गाजलेला कौटुंबिक सिनेमा. बेक्डेलचा नियम लावून पाहिला. ॲलिसन बेक्डेल या चित्रकार बाईने १९८५ मध्ये आपल्या चित्रमालिकेत तो मांडला : सिनेमात किमान दोन बायका असाव्यात, त्यांनी एकमेकींशी बोलावं आणि ते बोलणं पुरुषाविषयी सोडून दुसऱ्या कशाविषयी तरी असावं. हा सिनेमा तिसऱ्या अटीवर पडला. सासू-सून, बहिणी-बहिणी भरपूर बोलतात, पण विषय एकच.

या नियमाची मला आवडणारी गोष्ट निराळी आहे. बेक्डेलने तो आपल्या मैत्रिणीकडून, लिझ वॉलेसकडून, ऐकल्याचं चित्रातच नोंदवून टाकलं आहे. विणकामातले नमुने असेच हातोहात पुढे जातात, पण तिथे हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. मला येते ती बॉर्डर आईने शिकवली, आईला तिच्या शेजारणीने. त्यापुढे माग लागत नाही.

१२ नोव्हेंबर

४० फेऱ्या, १४ सेंमी. पहिला गुंडा संपत आला.

काय खटकत होतं ते आज सापडलं, आणि ते मला सापडलं नाही, भाचीला सापडलं. ती बारा वर्षांची आहे, शनिवारी राहायला आली होती. तो नायकाच्या आईचा सिनेमा मी पुन्हा लावला. सुरुवातीला आई खिडकीशी बसून लाल लोकरीचं काहीतरी विणते आहे. सुईखाली लोंबणारा भाग आठ बोटं असेल. मग मुलगा परदेशी जातो, पडद्यावर "तीन वर्षांनंतर" अशी अक्षरं येतात, आणि आई त्याच खिडकीशी, तीच लाल लोकर.

भाची म्हणाली, "ए मावशी, हिचं विणकाम आटलं की गं!"

मी सिनेमा थांबवला, मागे नेला, दोन्ही दृश्यं शेजारी शेजारी असल्यासारखी पुन्हा पुन्हा पाहिली. खरंच. तीन वर्षांपूर्वी आठ बोटं होतं ते आता सहाच बोटं. चेहऱ्यावर सुरकुत्या काढल्यात, केस पांढरे केलेत, भिंतीचा रंग उडवलाय, मुलाच्या फोटोची चौकट बदललीय. काळ गेल्याच्या एवढ्या खुणा कुणीतरी बारकाईने तयार केल्या. बाईच्या हातातलं काम मात्र वाढवावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

भाचीने आणखी एक विचारलं : "ती विणतेय की नुसत्या सुया हलवतेय?" मग आम्ही दोघींनी तिच्या हातांकडे पाहिलं. सुया एकमेकींवर आपटत होत्या. लोकर बोटाभोवती घेतलेलीच नव्हती, ती मांडीवरच्या गुंड्यातून थेट विणलेल्या पट्टीत गेली होती. अशाने एकही टाका पडणार नाही.

मी एका सिनेमात ५ सेंमी विणते. ही बाई तीन वर्षांत उणे दोन बोटं.

आजपासून वहीत नवा रकाना : वाढलं का?

१५ नोव्हेंबर

५२ फेऱ्या. थकले होते, थोडंच विणलं, लिहायचं मात्र बरंच आहे.

मराठीत "विणणं" हे एकच क्रियापद आहे. मागावर कापड विणतात, सुयांवर स्वेटर विणतात, क्रोशाने लेस विणतात, टोपली विणतात, खाट विणतात, कोळी जाळं विणतो. शब्द एक असला तरी मान सारखा नाही. कबीर मागावर बसले आणि त्यांच्या ताण्याबाण्यातून देह, श्वास, ईश्वर सगळं निघालं. शतकानुशतकं आपण ते गातो आहोत आणि ते गाण्याजोगं आहेच. पण सुयांवर विणणाऱ्या बाईच्या टाक्याला कुणी असा अर्थ विचारलेला मला आठवत नाही. तिथे "छंद छान आहे हो" एवढ्यावर विषय मिटतो.

आणि हे काम मुळात बायकांचंच, असंही नाही. युरोपात सुयांवरच्या विणकामाचे कारागीर संघ होते आणि ते पुरुषांचे होते. वर्षानुवर्षं उमेदवारी करायची, आणि उस्ताद म्हणवून घ्यायला टोपी, सदरा, मोजे आणि रंगीत नक्षीचा अख्खा गालिचा विणून दाखवायचा. १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र काढलं. पुढे यंत्रं पसरत गेली, हातविणीतला पैसा आटत गेला आणि ती घरात आली. पैसा होता तेव्हा तो धंदा होता, पैसा गेल्यावर ती बाईच्या स्वभावातली माया झाली.

वाढत न जाणाऱ्या विणकामाची मला माहीत असलेली सर्वांत जुनी गोष्ट ग्रीक महाकवी होमरची आहे. नवरा युद्धाहून परतलेला नसताना पेनेलोपी सासऱ्यासाठी कफन विणायला घेते, ते पूर्ण झाल्यावर लग्नाचं उत्तर देईन असं मागणी घालणाऱ्यांना सांगते, आणि दिवसा विणलेलं रात्री मशालीच्या उजेडात उसवते. तीन वर्षं हे चालतं. तिथेही तीन वर्षंच! पण तिथे विणकाम वाढत नाही ते तिने ठरवलं म्हणून. त्या न वाढण्यामागे तिचे दिवसाचे तास आहेत, रात्रीचेही तास आहेत. कवीला ते माहीत होतं, त्याने ते सांगितलं. तिला आपण "नवऱ्याची वाट बघणारी पत्नी" म्हणून ओळखतो. माझ्या लेखी तिने तीन वर्षं दोन पाळ्यांत काम केलं.

२१ नोव्हेंबर

७८ फेऱ्या, २८ सेंमी. संध्याकाळ सगळी दुरुस्तीत गेली, पण तिची नोंद सविस्तर करते.

डाव्या बगलेकडे एक टाका निसटला होता. आज दिसला तेव्हा १९ ओळी खाली उतरला होता. वरून खालपर्यंत शिडी झालेली : मोकळे आडवे धागे एकावर एक, आणि तळाशी एक नाजूक, तोंड उघडलेला फास. भाची समोर होती, ती घाबरली, "आता सगळं उसवायचं?"

उसवायचं नाही. आधी त्या फासात खुणेची कडी अडकवली, म्हणजे तो आणखी खाली जायला नको. मग क्रोशाची बारीक सुई पुढून फासात घातली, शिडीचा सर्वांत खालचा धागा आकड्यात धरला आणि फासातून ओढून घेतला. झाला नवा फास. त्यात वरचा धागा. मग त्याच्या वरचा. धागा चुकीच्या क्रमाने घेतला तर तिथे कायमची गाठ दिसते, म्हणून प्रत्येक वेळी शिडी दोन बोटांनी ताणून पायऱ्या नीट मोकळ्या करून घ्यायच्या. सहा-सात पायऱ्यांनंतर मी सुई भाचीच्या हातात दिली. ती ओठ दाताखाली धरून करत होती. एकोणिसावा टाका सुईवर आला तेव्हा तिने श्वास सोडला. मग कापड उलटसुलट करून पाहिलं. निसटला होता तो टाका कुठला, हे तिला शोधता येईना. त्या जागेचे टाके शेजारच्यांपेक्षा किंचित घट्ट आहेत, धुतल्यावर तेही सारखे होतील.

विणणाऱ्या बाईचं असं एखादं दृश्य मला बघायचं आहे. एक मिनिटभर तरी. तलवारीला धार लावणारे हात, बंदूक जोडणारे हात, तिजोरी उघडणारे हात मी पडद्यावर किती वेळा पाहिलेत. तिथे कॅमेरा जवळ जातो, संगीत थांबतं, प्रेक्षक श्वास रोखून बघतो. निसटलेला टाका वर आणण्यातही तेवढाच श्वास रोखलेला असतो.

२६ नोव्हेंबर

९५ फेऱ्या, ३४ सेंमी. रकान्यात आतापर्यंत चार नोंदी आणि चारही ठिकाणी "नाही".

आज आठवून आठवून जुन्या विणकरणी गोळा केल्या. आपल्या जुन्या हिंदी सिनेमातली तर सगळ्यांनाच माहीत आहे : नायिका लाजत इवलासा मोजा विणताना दिसली की घरात पाळणा हलणार, हे प्रेक्षकाला कळतं. शब्द नको, डॉक्टर नको. तो मोजा म्हणजे निरोप आहे, बाईने केलेली वस्तू नव्हे. मराठीत "वीण" शब्दाला दोन्ही अर्थ आहेत, कापडाचा पोत आणि पिलावळ. सिनेमाने त्यातला दुसराच तेवढा उचलला. निरोप पोचला की मोजा पुन्हा दिसत नाही. तो पुरा झाला का, दुसरा पाय विणला का, कुणी विचारत नाही.

मिस मार्पल मला खूप प्रिय. ॲगाथा ख्रिस्तीच्या १९२७ च्या कथेत ती पहिल्यांदा भेटते तीच विणताना. खोलीतली हुशार मंडळी तर्क लढवतात, म्हातारीला कुणी जमेतच धरत नाही, आणि गुन्हेगार तीच सांगते. विणकाम म्हणजे निरुपद्रवी बाई, हा लोकांचा समज ती स्वतःसाठी वापरते. हे कथेपुरतंच नाही. फिलिस लाटूर या ब्रिटिश हेर तरुणीला मे १९४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्मंडीत पॅराशूटने उतरवलं होतं. सायकलवरून साबण विकणारी मुलगी बनून ती फिरायची. सांकेतिक खुणांचं रेशमी कापड विणायच्या सुईभोवती गुंडाळून, बुटाच्या चपट्या नाडीत घालून, त्या नाडीने ती केस बांधायची. तिने १३५ संदेश पाठवले.

आणि मग मादाम दफार्ज. चार्ल्स डिकन्सच्या १८५९ च्या कादंबरीतली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली बाई. ज्यांचा सूड घ्यायचा त्यांची नावं ती विणीत नोंदवत जाते. हिचं विणकाम वाढतं! त्यात स्मरण आहे, हिशेब आहे, तिच्या घराण्यावर झालेला अत्याचार आहे. सुलट आणि उलट या दोनच टाक्यांतून लिपी होऊ शकते हे त्या लेखकाला कळलं होतं. पण तिची मांडणी बघा. बाईच्या विणण्यात डोकं आहे हे जिथे मान्य केलं, तिथे ती बाई भयंकर करून टाकली.

त्या क्रांतीतल्या खऱ्या बायकांचंही तेच झालं. १७८९ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या बाजारातल्या बायका भाकरीसाठी व्हर्सायपर्यंत चालत गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊन आल्या. पुढे त्या सभागृहाच्या गॅलरीत बसून कामकाज ऐकायच्या, हातात विणकाम. ३० ऑक्टोबर १७९३ ला बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली. लोकांच्या डोळ्यांपुढे आज काय राहिलंय? गिलोटिनखाली बसून, पडणारी मुंडकी बघत विणणाऱ्या थंड रक्ताच्या बायका. सभागृहात येऊन कायदा कसा होतो ते ऐकणाऱ्या बायका कुठल्या चित्रात दिसतात?

३० नोव्हेंबर

१०६ फेऱ्या, ३८ सेंमी. अंग झालं. टाके जाड सुती दोऱ्यावर घेऊन ठेवले.

६ डिसेंबर

पहिली बाही. ४० टाके चार सुयांवर, पाचवीने विणायचं. बॉर्डर १७ फेऱ्या, मग दर सात फेऱ्यांनी दोन टाके वाढवायचे, असं तेरा वेळा. ६६ होतील.

आज एक प्रेमकथा पाहिली आणि विणणं थांबवून नुसता कॅमेरा पाहिला. नायिका पहिल्यांदा येते तेव्हा पाय, मग कंबर, मान, ओठ, आणि शेवटी चेहरा. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या निबंधात हेच उलगडून दाखवलं होतं : सिनेमाची नजर पुरुषाची असते, बाई बघायची वस्तू होते आणि तिचे तुकडे पाडून दाखवले जातात. त्याला पन्नासएक वर्षं झाली. मला त्यात माझ्या वहीतलं एक जोडावंसं वाटतं. ज्या कॅमेऱ्याला बाईच्या मानेसाठी आठ सेकंद आहेत, त्याच्याकडे तिच्या बोटांसाठी दोनही नसतात. विणणारी बाई दाखवतात तेव्हा चौकटीत चेहरा असतो, डोळे कुठेतरी दूर लागलेले. हात चौकटीच्या खाली कापलेले. दूर नजर लावून, न बघता सुलट टाके विणता येतात, मीही विणते. पण अधूनमधून मोजायला खाली बघावंच लागतं. पडद्यावरची बाई कधी मोजत नाही. कुणी बोलायला आलं तर "थांब, ओळ संपू दे" असं म्हणणारी बाई मी अजून पडद्यावर पाहिलेली नाही. आमच्या घरी हे वाक्य दिवसातून चारदा यायचं.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या प्रेक्षागृहात टॉम डेली विणत बसला होता. पाण्यात उडी मारण्याच्या प्रकारात त्याने सुवर्णपदक मिळवलं आणि त्या पदकासाठी लोकरीची पिशवी विणली. ते फोटो जगभर गेले. मला मनापासून आनंद झाला होता, आजही होतो, कारण त्यानंतर कितीतरी मुलांनी सुया हातात घेतल्या असतील. आज तेच फोटो पुन्हा काढून पाहिले. हात दिसतात. लोकर बोटावर कशी घेतली आहे तेही दिसतं. लोकांनी विचारलं, काय विणतोयस? कुठल्या वस्तूवर काम चाललंय, हा प्रश्न त्याला सहज मिळाला. पडद्यावरच्या सगळ्या आया, आज्या, मावश्यांनाही तो विचारलेला मला बघायचा आहे.

१० डिसेंबर

पहिली बाही ४४ सेंमी, पुरी. दुसरी लगेच घातली, कारण पहिलीचा हात अजून ताजा आहे. दोन बाह्यांमध्ये आठवडा गेला की माझा ताण, म्हणजे टाक्यांचा घट्ट-सैलपणा, बदलतो.

भाचीने सुया मागितल्या. उरलेल्या लोकरीवर १८ टाके घालून दिले. सगळं सुलट. दिवसभरात दोन ओळी.

१७ डिसेंबर

दुसरी बाही झाली. दोन्ही बाह्या अंगाला जोडल्या, दोन्हीकडे काखेचे १६-१६ टाके राखून ठेवले. सुईवर २६८. फेरीला आता जवळजवळ अकरा मिनिटं लागतात.

याच टप्प्यावर विणकाम एकदम वस्त्र दिसायला लागतं. आतापर्यंत तीन नळ्या होत्या, आज खांद्यांची चाहूल लागली.

मांडीवर एवढी लोकर असताना २१ जानेवारी २०१७ ची छायाचित्रं पाहिली. वॉशिंग्टनच्या स्त्रियांच्या मोर्चातल्या गुलाबी टोप्या. नमुना अगदी सोपा : एक लांबट चौकोन विणायचा, दुमडायचा, दोन्ही कडा शिवायच्या, डोक्यावर घातला की दोन कोपरे मांजरीच्या कानांसारखे उभे राहतात. नवख्या बाईलाही जमेल असा, आणि ज्यांना जाता येणार नव्हतं त्यांनी विणून दुसऱ्यांसाठी पाठवल्या. त्यावर टीकाही झाली. गुलाबी रंग आणि "पुसीहॅट" हे शरीराशी जोडलेलं नाव यांत सगळ्या बायका मावत नाहीत, असं ट्रान्स स्त्रियांनी आणि गोऱ्या नसलेल्या स्त्रियांनी सांगितलं. ती टीका मला पटते. पण वरून घेतलेल्या त्या छायाचित्रातली गर्दी बघताना माझ्या मनात दुसरा हिशेब चालू होता. त्यातली प्रत्येक टोपी म्हणजे कुणाची तरी एक संध्याकाळ. रस्ताभर संध्याकाळी उभ्या होत्या.

२४ डिसेंबर

योक १२ सेंमी. पहिली घट : दोन सुलट, दोन एकत्र, फेरीभर. मोजले, २०१. घट करण्याआधी आधीच्या फेरीतून पांढरा सुती दोरा ओवून ठेवला होता. चुकलंच तर तिथपर्यंतच उसवेल.

२९ डिसेंबर

योक १८ सेंमी, दुसरी घट, १३४. गुंडा पाचवा.

रकान्यात पहिलं "हो"!

एका मालिकेतली म्हातारी शेजारीण. तिला तीन भागांत मिळून दहाएक वाक्यं आहेत. पहिल्या भागात तिच्या हातात राखाडी लोकरीची जेमतेम ओंजळभर पट्टी. दुसऱ्या भागात ती गुडघ्यांवर पसरली आहे. तिसऱ्यात शाल तिच्या पायांवरून जमिनीला टेकते आणि मांजर तिच्या टोकावर झोपलं आहे. त्यावर कुणी काही बोलत नाही, कथेला त्याची गरजही नाही. मी पुन्हा लावून पाहिलं. वीण एकच आहे, ताण एकच आहे, मधे कुठे वस्तू बदललेली नाही. सेटवर कुणीतरी खरंच विणत होतं. चित्रीकरणाच्या दिवसांतल्या तिच्या संध्याकाळी त्या शालीत आहेत. मी शेवटची नामावळी सावकाश पुढे नेत वाचली. विणकामाचं नाव कुठे नव्हतं.

आईला फोन करून हे सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तुझा तो किरमिजी स्वेटर आठवतो? शाळेतला. त्याला मला अडतीस दिवस लागले होते."

एवढी वर्षं तिने दिवस मोजून ठेवले होते.

२ जानेवारी

योक २४ सेंमी. शेवटची घट : दोन एकत्र, एक सुलट, दोन एकत्र. १३४ ला पाचाने भाग जात नाही. २६ गट झाले, त्यांचे ७८. उरलेल्या चार टाक्यांचे दोन. एकूण ८०. कागदावर होतं तेच सुईवर आलं. गळ्याची पट्टी आठ फेऱ्या, सैल हाताने बंद केली. डोकं आत जातं.

४ जानेवारी

राहिले होते काखेतले टाके. सोळा या बाजूचे, सोळा त्या बाजूचे. दोन सुया समांतर धरून, बोथट टोकाच्या शिवणसुईने त्यांच्यामधून विणीची एक नवी ओळ काढत न्यायची. सांधा दिसता कामा नये. पुढच्या सुईवर सुलट, काढ, उलट, ठेव. मागच्या सुईवर उलट, काढ, सुलट, ठेव. हे मनाशी म्हणत राहायचं, कारण इथे एक चुकला की पुढचे सगळे चुकतात.

इंग्रजीत या सांध्याला किचनर म्हणतात. लॉर्ड किचनर, ब्रिटिश सेनापती, पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीच्या पोस्टरवरून बोट रोखणारा चेहरा. त्या युद्धात लाखो बायकांनी सैनिकांसाठी मोजे विणले, बोटांजवळचा सांधा टोचू नये म्हणून असे टाके जोडले. टाक्याला नाव मिळालं ते युद्धमंत्र्याचं. आमच्या घरी याला काहीच नाव नव्हतं. आई नुसतं "काखेतलं मिटवून टाक" म्हणायची. मी वहीत "मिट" असं लिहिलं आहे.

दोन्ही बाजू मिटल्या. चाळीस मिनिटं.

६ जानेवारी

कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून सपाट वाळवला. घेर १०१ सेंमी. बाही ४४. १९ ओळींच्या शिडीची जागा मलाही सापडली नाही. पाच गुंडे आणि सहाव्याचा थोडासा भाग. विणताना सतरा सिनेमे आणि ती एक मालिका, त्यांत विणणाऱ्या बायका सात, "हो" एक.

भाची संध्याकाळी आली. तिने पट्टी पिशवीतून काढून टेबलावर पसरली आणि माझ्याकडून फूटपट्टी मागून घेतली. मग माझी वहीही मागितली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं :

"१० डिसें. — १ सेंमी पण नाही. ३० डिसें. — ४ सेंमी. आज — ७ सेंमी. एक टाका जास्त झालाय, १९ आहेत. वाढलं का? हो."

जास्तीचा टाका पाचव्या ओळीत आहे, ते मी तिला उद्या दाखवेन.